सुशोभीकरणाचे सौंदर्यशास्त्र आणि मोती तलाव

‘सुशोभीकरण’ हा शब्द नगरपालिकांच्या ठरावांत आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. शोभा कमी होती, ती वाढवली, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु ज्या वस्तूला शोभा आणायची ती वस्तू पाणी असेल, तर दलित साहित्याच्या वाचकाने या शब्दापाशी थांबले पाहिजे. या देशात पाणी ही निव्वळ पाहण्याची वस्तू कधीच नव्हती. ते कोणी भरावे, कोणी कोणत्या काठावर उभे राहावे, कोणाच्या घागरीत कोणी वरून ओतावे, याचे नियम होते, आणि ते नियम मोडणाऱ्यांची डोकी फुटली आहेत. अशा पाण्याभोवती आज बाग होते, दिवे लागतात, कारंजे उडते, आणि या सगळ्याला ‘वारसा जपणे’ असे नाव मिळते. कोणता वारसा आणि कोणाचा, हा प्रश्न मग समीक्षेचाही होतो. कारण वारसा ही शेवटी सांगितलेली गोष्ट असते, आणि गोष्ट सांगणारा काय सांगतो व काय गाळतो हे पाहणे हेच तर समीक्षेचे काम.

सिंधुदुर्गात हा प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे सावंतवाडीचा मोती तलाव. गावाच्या ऐन मध्यावर पाणी, समोर राजवाडा, काठाने रस्ता, बसायला कट्टे आणि संध्याकाळी फिरणाऱ्यांची गर्दी. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. तलावाचे साल १८७४ सांगितले जाते. तेव्हा संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या हाती जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि राजाच्या दारासमोरचे हे पाणी गावाच्या फिरण्याचे ठिकाण म्हणून उरले. शहरातल्या उद्यानाला आझाद हिंद सेनेचे जनरल जगन्नाथराव भोसले यांचे नाव आहे. ते इथल्याच तिरोड्याचे. तलावाकाठच्या एका कट्ट्याला कवी केशवसुतांचे नाव आहे. आणि या गावाचे जुने नाव सुंदरवाडी! म्हणजे सौंदर्याचा दावा इथे तलावाच्याही आधीचा आहे.

तलावाचा गाळ काढू नये, ढासळणारा काठ बांधू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. स्वच्छ पाणी आणि मोकळी बाग यांची गरज बंगलेवाल्यांपेक्षा दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याला अधिक असते. शिवाय त्या कट्ट्यावर आज कोणीही बसू शकतो, कोणाची जात कोणी विचारत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. ती कोणा राजाची मेहेरबानी नाही आणि नगररचनेची किमयाही नाही. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराची ठिकाणे यांबाबत जातीवरून आडकाठी करायला मनाई केली आहे. एखाद्या मूलभूत हक्काच्या कलमात विहिरी आणि तळी नावानिशी मोजून सांगावी लागावीत, यावरून त्या पाण्याचा इतिहास कळावा. फिरायला येणाऱ्याच्या पायाखालची फरशी नवी आहे, पण त्या फरशीवर उभे राहण्याचा त्याचा हक्क त्या कलमातून आलेला आहे. सुशोभीकरणाच्या कोणत्या योजनेत याची दखल घेतली जाते?

आता सौंदर्याकडे येऊ. मराठी समीक्षेत सौंदर्याची सर्वांत काटेकोर मांडणी बा. सी. मर्ढेकरांनी केली. १९५५ सालच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. मोती तलावाची कोणतीही रंगीत छायाचित्रे घ्या, हे तीनही नियम त्यांत सापडतील. राजवाडा वर आणि त्याचे प्रतिबिंब खाली, हा संवाद. काळे पाणी आणि दिव्यांची माळ, हा विरोध. दोन्ही काठांवर सारखी झाडी, हा समतोल. चित्र पुरे झाले, आणि ते खरोखरीच सुंदर आहे. मात्र या चित्राला एक अट आहे. पाणी पिण्यासाठी असते, धुण्यासाठी असते, गुराढोरांसाठी असते, हे विसरल्याखेरीज ते असे सुंदर दिसत नाही. लौकिक व्यवहार बाजूला सारला की निखळ सौंदर्य हाती लागते, हा त्या सौंदर्यशास्त्राचा दावा. आमचे सगळे दुःख त्या लौकिक व्यवहारातच होते, त्याला आम्ही काय करावे? शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली मांडले तेव्हा आनंदाऐवजी स्वातंत्र्य, समता यांसारखी मूल्ये कसोटीला घेतली. पुस्तकांवर ती कसोटी आपण लावतो. बागेवर, तळ्यावर, पुतळ्यावर ती लावताना मात्र कचरतो. जणू काही ती समीक्षेच्या हद्दीबाहेरची वस्तू आहे, अभियंत्याची आहे!

मोती तलावाविषयी पर्यटनाच्या पानांवर काय लिहिले जाते ते पाहा. राजे, राजवाडा, गंजिफा, लाकडी खेळणी, आणि मग तलावाची शोभा. कारागिराचा उल्लेख येतो, कारण त्याची वस्तू विकत घेता येते. तलाव कोणी खणला, माती कोणी वाहिली, गावातल्या कोणत्या वाडीला पिण्याचे पाणी कुठून आणावे लागे, हे त्या लेखनात येत नाही. खणणाऱ्यांची नावे ठेवण्याची पद्धतच नव्हती, हे कबूल. पण नावे नाहीत म्हणून माणसेही नव्हती, असे होत नाही.

इथे ‘वारसा’ या शब्दाकडे वळले पाहिजे. मोती तलावाचे म्हणून सांगितले जाणारे १८७४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. त्यालाच आपण वतन कायदा म्हणतो. सावंतवाडी संस्थान होते म्हणून त्या इलाख्याबाहेर राहिले, पण शेजारचे मालवण आणि वेंगुर्ले इंग्रजी मुलखात, रत्नागिरी जिल्ह्यात होते. या कायद्याने महाराची गावकी आणि राबणूक पिढीजात म्हणून कागदावर पक्की केली. बापाने केलेले काम मुलाने करायचे, मोबदल्यात थोडी जमीन आणि बलुते, आणि सरकारी कामासाठी चोवीस तास हजर. डॉ. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन हा महारांचा मान आहे असे सांगणारे लोक तेव्हाही होते, आणि आमच्यातही होते. बाबासाहेबांनी त्याला गुलामी म्हटले. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तेव्हा वारसा या शब्दाचा एक अर्थ आमच्या घरांत असा आहे: जो टाकून देण्यासाठी दोन पिढ्या झगडल्या, तो वारसा.

दुसरा अर्थ नगरपालिकेच्या कचेरीतच सापडतो. एका टेबलावर वारसास्थळाच्या सुशोभीकरणाची फाइल असते. दुसऱ्या टेबलावर सफाई कामगाराच्या मुलाचा अर्ज असतो, त्यावरही ‘वारसा हक्क’ असेच लिहिलेले असते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार १९७५ पासून महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. ही तरतूद रद्द करा असे म्हणणे सोपे आहे, आणि ते म्हणणारे बहुधा स्वतःच्या मुलाला सफाईच्या कामाला पाठवणारे नसतात. ज्या घरात दुसरी पक्की मिळकत नाही त्या घराला ती मोठा आधार आहे. संघटनांनी ती टिकवण्यासाठी लढे दिले आहेत. पण या दोन फाइली शेजारी ठेवून वाचल्या की व्यवस्थेचे चित्र स्पष्ट होते. एकाला वारशात राजवाड्याचे प्रतिबिंब मिळते, दुसऱ्याला झाडू मिळतो. गणपती विसर्जनानंतर तलावातले निर्माल्य बाहेर काढावे लागते, आणि दरवर्षी साचणारा गाळही कोणीतरी उपसावाच लागतो. ज्याला आपण शोभा म्हणतो ती या कामाने टिकते. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते, नगराध्यक्षाचे असते, कंत्राटदाराचेसुद्धा असते. गाळात उतरणाऱ्यांची नावे त्या दगडावर कोरायला कितीसा खर्च येईल?

काठाचे आणि पाण्याचे नाते किती गुंतागुंतीचे असते हे महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याइतके दुसरीकडे कुठे उघड झालेले नाही. सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. सी. के. बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव, ५ जानेवारी १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, २० मार्च १९२७ चे पाणी, त्यानंतरची मारहाण, पंचगव्याच्या १०८ घागरी. रा. बा. मोरे, सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे ही नावेही आपल्याला माहीत आहेत. निकालपत्र मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अंतिम निकाल दिला. दहा वर्षे! त्या निकालपत्रात तळ्याचे वर्णन आहे आणि ते कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेपेक्षा बोलके आहे. चार ते पाच एकरांचे तळे, पाणी पावसाचे आणि काही झऱ्यांचे, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंची व थोडी मुसलमानांची घरे, आणि काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट व बांधीव कठडे यांपैकी अनेक त्या घरमालकांच्या मालकीचे. पाणी सर्वांचे, पायऱ्या मात्र काहींच्या. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हा सनातन्यांचा दावा न्यायालयात सिद्ध झाला नाही. ज्यांना आपला वारसा अनादी वाटत होता त्यांना तो पुराव्याने मांडता आला नाही, हे या निकालाचे सार.

सुशोभीकरण कुठे होते? काठावर. फरशी काठावर, रेलिंग काठावर, तिकीटघर काठावर, खाण्याच्या गाड्यांना बंदी काठावर. मालकीचा जुना वाद काठावर होता आणि नवा वादही काठावरच उभा राहतो. बाग बांधून झाली की तिथे कोण विकायला बसेल, कोणाला रखवालदार हटकेल, कोणाची मुले ‘गोंधळ घालतात’ आणि कोणाची ‘खेळतात’, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते कपड्यांवरून आणि बोलीवरून ठरते. जात विचारली जात नाही, हे मी वर म्हटले. ती ओळखली जात नाही, असे मी म्हटलेले नाही.

चवदार तळ्याचेही सुशोभीकरण झालेच. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, बांधीव काठ आहे, २० मार्चला लाखोंची गर्दी आहे. या सत्याग्रहाची शताब्दी २०२७ सालची, त्यामुळे तिथल्या कामांची चर्चा वाढणे स्वाभाविकच. परंतु महाडचे वेगळेपण पुतळ्यात नाही. या तळ्याविषयी बोलताना राजा कोण होता हे कोणी सांगत नाही, पाणी कोणी प्यायले हे सांगतात. तळ्याचा वारसा एका कृतीत साठवला गेला आहे, चिरेबंदीत नव्हे. पुण्यात जोतीराव फुल्यांच्या वाड्यातल्या हौदाचे असेच आहे. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांना खुला केला. बांधकाम म्हणून त्या हौदात पाहण्यासारखे काही नाही. माणसे तरी तिथे थांबतात, कारण त्याची गोष्ट पाण्याची आहे.

ही अपेक्षा आमची एकट्याची आहे असे नाही. बागेची दुरुस्ती आणि गाडलेला इतिहास यांचा प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही भोगला आहे, आणि दलित पँथरच्या वाचकाला त्यांचे नाते नव्याने सांगायला नको. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ही जगातल्या नामांकित बागांपैकी एक. तळी, पूल, हिरवळ. ती जिथे आहे तिथे एका भागात १८२५ पासून कृष्णवर्णीयांनी जमिनी विकत घेऊन सेनेका व्हिलेज नावाची वस्ती केली होती. दोनशेवर माणसे, प्रार्थनामंदिरे, शाळा. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता लागे, म्हणून तिथली जमीन म्हणजे मताचा हक्कही होता. बागेसाठी ही वस्ती १८५७ पर्यंत उठवण्यात आली. पुढे शंभरावर वर्षे ती जणू नव्हतीच. १९७० च्या दशकात उजाड झालेल्या त्या बागेची दुरुस्ती १९८० नंतर मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तेव्हाही दुरुस्त झाले ते पूल आणि तळी. रॉय रोझेन्झ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी १९९२ साली बागेचा सामाजिक इतिहास लिहिला, त्यात ही वस्ती पुन्हा उजेडात आली. २००१ मध्ये तिथे फलक लागला, २०११ मध्ये उत्खनन झाले. म्हणजे आधी पुस्तक, मग फलक, मग खणणे. लिहिणाऱ्यांनी आपले काम केल्यावर बागेच्या व्यवस्थापनाला आपले काम करावे लागले. हा क्रम आमच्या लेखकांनी ध्यानात घ्यावा.

मोती तलावाच्या काठी असे काही करायला एक जागा तयारच आहे, ती म्हणजे केशवसुतांच्या नावाचा कट्टा. केशवसुत आपल्याकडे तुतारीचे आणि क्रांतीचे कवी म्हणून शाळेत शिकवले जातात. त्यांनी १८८८ साली ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ नावाची कविता लिहिली, हे किती शिक्षक वर्गात सांगतात? ब्राह्मण घरात जन्मलेल्या कवीने, फुले हयात असताना, अस्पृश्याच्या लेकराच्या तोंडी प्रश्न घातला. मुलाला दूर सारले जाते आणि तो आईला त्याचे कारण विचारतो. या कवितेला मर्यादा आहेत. प्रश्न मुलाचा असला तरी लेखणी मुलाची नाही. सहानुभूती आणि स्वानुभव यांतले अंतर तिथे उरतेच, आणि दलित समीक्षेने ते अंतर दाखवून दिलेच पाहिजे. पण ज्या कवीचे नाव कट्ट्याला दिले त्याची कोणती कविता कट्ट्यावर चालते आणि कोणती चालत नाही, हा प्रश्न कवीच्या मर्यादेचा नाही, गावाच्या मर्यादेचा आहे. कवीचा गौरव करायचा आणि त्याला पडलेला प्रश्न बाजूला ठेवायचा, ही आपल्या सांस्कृतिक जीवनाची जुनी सवय. तीच सवय सुशोभीकरणातही दिसते. तलाव ठेवायचा, त्याचा प्रश्न काढून टाकायचा.

माझी सूचना साधी आहे. मोती तलावाच्या पुढच्या कोणत्याही कामाच्या आराखड्यात तलावाच्या पाण्याचा सामाजिक इतिहास हा भाग असावा आणि तो बौद्धवाड्यांतल्या व श्रमिक वस्त्यांतल्या वृद्ध स्त्रियांकडून लिहून घ्यावा. पाण्याची वाट बायका चालल्या आहेत, तेव्हा पाण्याचा इतिहास त्यांच्याकडेच आहे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच आहे. पण नाव बदलताना त्या नावाखाली काय घडले याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की आपली वाडी मुळातच गावापासून लांब ‘निसर्गरम्य’ जागी वसली होती.

किनाऱ्याकडे सरकले तर मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. १५३० साली विजयनगरच्या अमलाखालचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला असे मानले जाते. काठावर भगवतीचे देऊळ आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. इथे निदान पाण्याचा उपयोग मानला गेला, ते नुसते पाहिले गेले नाही, ही समाधानाची बाब. परंतु सिंचन म्हटले की जमीन आली, आणि कोकणात जमीन म्हटली की खोत आला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले ते याच भूमीसाठी. ज्याच्या नावावर शेत नाही त्याच्यापर्यंत पाटाचे पाणी पोचत नाही, मग तलाव कितीही जुना असो. साडेचारशेहून अधिक वर्षे हे पाणी कोणाच्या शेतात उतरले आणि कोणाच्या श्रमाने, याचा अभ्यास मालवणच्या आणि कणकवलीच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखा आहे. सातबारे तलाठ्याकडे आहेत, खोतीचे कागद कचेऱ्यांत आहेत, आणि जे कागदावर नाही ते सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

अशा नोंदी लिहिताना भाषा मालवणीच ठेवावी. आजी ‘बाव’ म्हणाली तर तिथे विहीर लिहू नये, ‘व्हाळ’ म्हणाली तर ओढा करू नये. कोणत्या बावीवर कोण उभे राही, घागर खाली ठेवून किती वेळ वाट पाहावी लागे, वरून पाणी ओतणारी बाई कोणत्या घरची होती आणि ती काय बोले, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, गावाचे नाव आणि साल घालून. त्रैमासिकाकडे अशा नोंदी आल्या तर त्या कथा-कवितांच्या शेजारीच छापाव्यात, वेगळ्या पुरवणीत टाकू नयेत.